विहीणबाईंशी भांडण्यापुरतं जर्मन

लोक कशाकशासाठी जर्मन शिकतात. कोणाला नोकरी हवी असते, कोणाला तिकडच्या कॉलेजात जायचं असतं, कोणाला नुसतीच हौस असते. मी शिकले ती भांडायला. खोटं कशाला सांगू? मला माझ्या विहिणीशी भांडायचं होतं, आणि मध्ये दुभाषी घालून भांडण्यात काही राम नसतो. मी तिखट बोलायचं, लेकीने त्यावर साखर पेरून ते पुढे सरकवायचं, याला काय भांडण म्हणायचं?

मुळात मी तोंडाची फटकळ. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत मुकादम आहे. चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलावरची कापडं, सगळं खाली तळघरात आमच्याकडे येतं. मशिनं दिवसभर घरघरत असतात आणि त्या घरघरीच्या वर फक्त माझा आवाज जातो. म्हणून पोरींनी माझं नाव ‘शिट्टी’ ठेवलंय. तोंडावर ताई, पाठीमागे शिट्टी. मला दोन्ही चालतं.

विहीणबाई जर्मन, आणि अगदी उलट्या. आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, म्हणजे लोकांना गप्प बसवण्याचा पगार घेतला. नवरा नाही. तिकडे एकाच घरात त्या खालच्या मजल्यावर राहतात, माझी लेक आणि जावई वरच्या. जावई लिफ्ट बसवायच्या कामावर गावोगाव फिरतो, आठवड्यातले दोन दिवस घरी. म्हणजे माझी लेक खरं तर नवऱ्याबरोबर नाही, सासूबरोबरच संसार करते असं म्हटलं तरी चालेल.

लेकीने व्हिडिओ फोनवर गोड बातमी दिली तेव्हा मी जागच्या जागी उडी मारली. म्हटलं, ‘मी येते. शेवटच्या महिन्यात येते आणि बाळ मान धरेपर्यंत हलत नाही.’ लेकीच्या मागे विहीणबाई उभ्या होत्या. लेकीने त्यांना सांगितलं. त्यांनी एक लांबलचक वाक्य बोलून ओठ मिटले.

‘काय म्हणाल्या?’

‘म्हणाल्या, एवढ्या लांब येऊन तुम्ही कशाला दगदग करता, मी आहे ना इथे.’

आता मला सांगा, दुसऱ्याच्या दगदगीची काळजी करणाऱ्या बाईचा चेहरा असा असतो? लिंबू चोखल्यासारखा? मी फोन ठेवला. पण माझे कान तिखट आहेत. मशिनमध्ये कुठे काही कुरकुरलं की मेकॅनिकच्या आधी मला ऐकू येतं. ते वाक्य जसंच्या तसं कानात धरून मी तडक वरच्या मजल्यावर गेले.

आमच्या वर एक पियानोचे ट्यूनर राहतात. रिटायर झालेत, पण अजून कोणी बोलावलं तर हत्यारांची पिशवी घेऊन निघतात. उमेदीची सगळी वर्षं जर्मन लोकांत काढून आलेले. मी दारातच त्यांना ते वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘बाई, जाऊ द्या ना.’

‘जाऊ देणाऱ्यातली मी दिसते का तुम्हाला?’

‘त्या म्हणाल्या,’ ट्यूनर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘की तिला इथे दुकानात ब्रेडसुद्धा मागता येणार नाही. ती आली तर मला घरात दोन लेकरं सांभाळावी लागतील.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लेकरू? पोटच्या पोरीला वाढवलं, अख्खं तळघर सांभाळलं, ती मी लेकरू? खाली येऊन मी लेकीला फोन लावला आणि म्हटलं, तिला सांग, शब्द न् शब्द सांग, साखर घालायची नाही. मी तुझी भाषा शिकते आणि तुझ्याशी तुझ्या भाषेत बोलते. मग येऊ की नको ते ठरव.

लेक रडकुंडीला आली, पण सांगितलं तिने. विहीणबाईंनी विचार केला आणि उत्तर पाठवलं. ‘ठीक आहे. एकटीने फोन करा. मध्ये कोणी नको. माझं तुम्हाला कळलं आणि तुमचं मला कळलं, तर जरूर या. नाही कळलं तर बाळाला घेऊन आम्हीच येऊ, वर्षभरात कधीतरी.’

वर्षभरात! पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि मी इथे लोकांच्या चादरी घड्या करत बसू?

आमचे हे किल्ल्या बनवतात. दुकानातून आले, हातपाय धुतले, सगळं ऐकलं आणि हसत सुटले. ‘या वयात शिंगं मोडून वासरांत शिरणार होय तू?’

‘शिंगं शाबूत आहेत माझी. जवळ या, दाखवते.’

दुसऱ्या दिवशीपासून शिकवणी सुरू झाली. ट्यूनरांनी पहिल्याच दिवशी हातात पेन्सिल दिली. मी म्हटलं, ‘मला बोलायचंय हो, लिहायचं काय करू? लिहून का कोणी भांडतं?’ ते म्हणाले, ‘बोलताना माणूस हातवारे करून निभावून नेतं. कागदावर हातवारे चालत नाहीत. रोज पाच ओळी लिहायच्या. चुका चालतील, खाडा चालणार नाही.’

आणि म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत, घडी केलेल्या टॉवेलांच्या थप्पीवर कागद ठेवून, रोज पाच ओळी लिहायला लागले. पहिल्या दिवशीच्या अजून पाठ आहेत. मी बाई आहे. माझं घर आहे. घर मोठं आहे. माझा नवरा आहे. नवरा मोठा आहे. आमच्या ह्यांनी अर्थ समजून घेतला आणि विचारलं, ‘कुठलं गं घर मोठं? मला दाखव, तिकडे राहायला जाऊ.’ काय करणार, ‘लहान’ला काय म्हणतात ते अजून यायचं होतं. ‘मोठं’ येत होतं, तेवढंच वापरलं. त्या पहिल्या दिवसांत मी कागदावर फार सुखात राहिले. बाग होती, मांजर होतं, भाऊ डॉक्टर होता. यातलं एकही माझ्याकडे नाही, पण शब्द होते.

लोक उगाच घाबरवतात, जर्मन अवघड, जर्मन अवघड. म्हणे वस्तूंना तीन लिंगं असतात. अहो, मग आपल्याला काय कमी आहेत? तो, ती, ते करतच तर आपण मोठे झालो. चमचा आपल्याकडे तो, त्यांच्याकडेही तो. म्हणे मुलगी त्यांच्याकडे ‘ते’ असते. आपण नाही का म्हणत, ‘ते पोर कुठे गेलं?’ ट्यूनर म्हणाले, ‘बाई, अशी विद्यार्थिनी पहिल्यांदाच बघतोय, जिला याचं काही वाटत नाही.’ मी म्हटलं, ‘मला नवऱ्याचं काही वाटलं नाही, याचं काय वाटणार?’

राग चांगला होता तोवर खाडा झाला नाही. ताप आला तरी लिहिलं. लॉन्ड्रीत पाणी तुंबलं, पायात गमबूट घालून उभी होते, तरी लिहिलं. विहिणीचा तो मिटलेला ओठ डोळ्यांसमोर आणायचा, पेन्सिल आपोआप चालायची.

मग पहिला फोन करायचा दिवस आला. मी ट्यूनरांकडून छानसं भाषण तपासून घेतलं होतं. नमस्कार, आपली तब्येत कशी आहे, आमच्याकडे हवा अशी अशी आहे, मला आपल्याकडे यायला आवडेल, मी घरकामात मदत करीन. घोकून घोकून पाठ केलं. आमच्या ह्यांनाही पाठ झालं. फोन लागला, विहीणबाई आल्या, मी घडाघडा म्हणून टाकलं. एक शब्द अडखळला नाही.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी मला काहीतरी विचारलं.

विचारलं! भाषणात प्रश्न नव्हता. मला एक शब्द ओळखू आला नाही. मी पुन्हा ‘आमच्याकडे हवा चांगली आहे’ म्हटलं. त्यांनी तोच प्रश्न हळू, सावकाश, एकेक शब्द तोडून विचारला, लहान मुलाला विचारावा तसा. माझ्या तोंडाला कुलूप. किल्लीवाला नवरा शेजारी बसलेला, पण तोही काय करणार? शेवटी विहीणबाईंनी अगदी गोड आवाजात निरोप घेतला आणि फोन ठेवला. चार शब्द टाकून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या गोडव्याने मी पार खचले.

नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं, प्रवासात तुम्हाला गाडी लागते का. एवढंच.

त्या दिवसापासून पेन्सिल बंद. पहिल्या दिवशी म्हटलं, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, काम फार आहे. मग कारण सांगायचंही सोडलं. खरं सांगायचं तर मला माझाही राग येत नव्हता, विहिणीचाही येत नव्हता, काहीच येत नव्हतं. पोर तिकडे दिवस मोजत असेल आणि मी तिच्याजवळ नसेन, हे मी मनातल्या मनात कबूल करून टाकलं होतं. आमचे हे एरवी चिडवायची संधी सोडत नाहीत, पण तेही गप्प. एका संध्याकाळी हळूच म्हणाले, ‘काय गं, भांडण मिटलं का तुमचं? घर अगदी ओकंबोकं वाटतं.’

त्यांनीच जाऊन ट्यूनरांना सांगितलं असणार. ट्यूनर खाली आले, खुर्चीवर बसले, म्हणाले, ‘दाखवा कागद.’

‘कागद नाही. वय झालं माझं. डोक्यात शिरत नाही.’

‘डोक्यात शिरलं होतं की. माझं जर्मन शिरलं होतं. चूक माझी आहे. मी तुम्हाला माझ्या तोंडचं भाषण दिलं. बाई, तुम्ही जन्मात कधी कोणाशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यात का?’

‘मला वेळ असतो का त्याला?’

‘मग दिवसभर काय बोलता?’

‘काय बोलणार? हुकूम सोडते. हे उचल, ते ठेव, झटक, घाई कर, हात जपून.’

‘मग उद्यापासून हुकूम लिहा,’ ट्यूनर म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले.

मला आधी चेष्टाच वाटली. पण दुसऱ्या दिवशी टॉवेलांच्या थप्पीवर कागद ठेवला आणि लिहिलं. चादर उचल. कोपरे जुळव. ओढ. अजून ओढ. इस्त्रीचा रोलर गरम आहे, हात लांब ठेव. पाच ओळी कधी संपल्या कळलंच नाही. दहा झाल्या, कागद उलटला. आत्ता. लगेच. बोलू नकोस, ऐक. डावीकडे. तुझ्या डावीकडे, माझ्या नाही! एकेक शब्द अडला की ट्यूनरांना विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी पोरींवर वापरून बघायचा. आमच्याकडे एक ठेंगणी आहे, रोलरवर माझ्या समोरची जोडीदार. तिने ओठ न हलवता हसायची कला कमावलीय. पण आठवडाभरात मी जर्मनमध्ये ‘श्नेल!’ म्हणून ओरडले की तिचा हात आपोआप भरभर चालायला लागला. सगळं तळघर जर्मनमध्ये पळायला लागलं.

मग काय, मी विहीणबाईंनाही हुकूम लिहायला लागले. खिडकी उघडा. बाजूला व्हा. माझ्या पोरीला उठवू नका, झोपू द्या. तोंड मिटा. त्या शेवटच्या ओळीवर ट्यूनर थांबले. ‘हे मी तपासणार नाही.’

‘का? चुकलंय?’

‘नाही. अगदी बरोबर आहे. म्हणूनच.’

हळूहळू हुकुमांच्या मागे इतरही यायला लागलं. आज मशिनने एक मोजा खाल्ला. ठेंगणी हसली, मी नाही हसले, मग मीही हसले. एका पाहुण्याच्या उशीखाली दातांची कवळी सापडली. बाग आणि मांजर कधी पळालं कोण जाणे, कागदावर आता माझं तळघर होतं. आणि गंमत म्हणजे विहिणीचा मिटलेला ओठ आठवायची गरजच पडेना. लिहायला बसावंसं वाटायचं म्हणून बसायचे. दिवसभरात काही घडलं की मनात यायचं, हे आज लिहू. ट्यूनर शिसपेन्सिलीने चुका दाखवायचे, शाबासकी कधी द्यायचे नाहीत. पण एकदा मोज्याच्या ओळीवर मोठ्याने हसले. त्या हसण्यावर मी महिनाभर जगले असते.

तोवर लेकीला आठवा संपत आला होता. रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा, तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची. बहुतेक ती सासूच्या स्वयंपाकघरात बसून बोलायची. एक दिवस म्हणाली, ‘आई, डोकं दुखतंय गं. उठल्यापासून. आणि मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात.’

‘पाय बघू. सुजलेत की. सासूबाईंना सांगितलंस?’

‘नको गं. त्यांना सांगितलं की लगेच वेळापत्रक. इतक्या वाजता पाणी, इतक्या वाजता झोप. उद्या डॉक्टरांकडे जायचंच आहे ना.’

मागे विहीणबाई भांड्यात काहीतरी ढवळत होत्या. मी म्हटलं, जरा पड, आणि उद्या आठवणीने सांग डॉक्टरांना. दुसरा फोन मी त्या रविवारी करणार होते. या वेळी भाषण नव्हतं. काय विचारायचं ते विचार म्हणावं, असा माझा थाट होता.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन जरा लवकर आला. चेहरा पांढराफटक. ती वर स्वतःच्या घरात एकटी होती, बाहेर जायचे कपडे घातलेले.

‘आई, मला काही दिसत नाहीये नीट,’ ती म्हणाली. मग फोन हलला, छत दिसलं, धप्पकन आवाज झाला, आणि छतच दिसत राहिलं.

मी तिला हाका मारल्या. उत्तर नाही. नुसता घशातला श्वास ऐकू येत होता.

‘मशिनं बंद करा!’ मी ओरडले. ठेंगणीने धावत जाऊन बटणं दाबली. इतक्या वर्षांत भर दिवसा ते तळघर मी कधी शांत ऐकलं नव्हतं. मी ठेंगणीचा फोन ओढून घेतला आणि विहीणबाईंचा नंबर फिरवला. नंबर पाठ होता. रविवारसाठी पाठ केला होता.

‘हॅलो?’

‘उठा!’ मी जर्मनमध्ये ओरडले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘किल्ली घ्या. वर जा. आत्ता!’

‘कोण बोलतंय?’

‘मी. तिची आई. ती जमिनीवर पडलीय. जिना चढा!’

त्या काहीतरी विचारायला लागल्या. ‘बोलू नका! चढा!’ मी म्हटलं. मग जिन्यावर पावलं वाजली, धापा ऐकू आल्या. लेक ज्यावर होती त्या माझ्या फोनमधून कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि छताच्या कडेला विहीणबाईंचं डोकं दिसलं. त्यांनी मोकळा हात तोंडावर नेला आणि तशाच उभ्या राहिल्या. हलेचनात. मी असं थिजलेलं माणूस पाहिलंय. रोलरमध्ये एकीचा हात गेला होता तेव्हा बाकीच्या अशाच उभ्या होत्या. अशा वेळी समजूत घालत बसायचं नसतं.

‘रडू नका. खाली बसा. तिला डाव्या कुशीवर वळवा. डाव्या! उशी द्या. हां. आता माझा फोन ठेवा आणि गाडी बोलवा. तिच्या फोनवर मी आहे, मला दिसतंय. गाडी बोलवा, श्नेल!’

त्यांनी वळवलं. उशी दिली. फोन ठेवून गाडी बोलावली, पत्ता सांगितला. मी सांगितलं तशी खिडकी उघडली, लेकीचा फोन खुर्चीला टेकवून उभा केला. आता मला लेकीचा चेहरा दिसायला लागला. पापण्या हलत होत्या. मी तिच्याशी बोलत राहिले, काय बोलले ते मला आठवत नाही. ठेंगणीने माझ्या पाठीवर हात ठेवला होता तेवढं आठवतंय.

गाडीतून दोन माणसं आली. एकाने गुडघे टेकून लेकीची नाडी धरली आणि विहीणबाईंना विचारलं, काही त्रास होता का आधी? ते मला समजलं. आणि विहीणबाई म्हणाल्या, ‘नाही. काही नाही. कालपर्यंत अगदी ठणठणीत होती.’ तेही मला समजलं.

‘चूक!’ मी जिवाच्या आकांताने ओरडले.

त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं, मग खुर्चीवरचा फोन उचलला. ‘आपण कोण?’

‘आई. डोकं दुखतंय. कालपासून. डोळ्यांपुढे प्रकाश, छोटा छोटा प्रकाश. पाय जाड. तिने यांना नाही सांगितलं. मला सांगितलं.’

त्याने मला प्रश्न विचारला. एक विचारला, दुसरा विचारला. कितवा महिना, पोटात दुखलं का, उलटी झाली का. यातलं काहीच मी कधी पाठ केलं नव्हतं. एकही वाक्य धड नव्हतं माझं, शब्द मागेपुढे पडत होते, पण मी उत्तर देत होते आणि तो मान हलवत होता. त्याने लेकीच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, आकडा बघितला आणि जोडीदाराला फक्त एक शब्द म्हणाला. तो शब्द मला आला नाही. पण त्यानंतर दोघेही पळायला लागले. फोन कोणीतरी बंद केला.

दुपार कशी गेली विचारू नका. ठेंगणीने मला घरी आणून सोडलं. आमचे हे दुकान बंद करून आले आणि नुसते माझ्याजवळ बसून राहिले. ट्यूनर येऊन चहा करून गेले. जावयाचा एक निरोप आला, गाडीत बसलोय, पोचतोय, एवढाच. मला सारखं वाटत होतं, काल मी तिला ‘जरा पड’ म्हटलं, मी गप्प का बसले?

संध्याकाळी फोन वाजला. दवाखान्याच्या जिन्यातून विहीणबाई होत्या. एकट्या. मध्ये कोणी नाही.

त्या सावकाश बोलल्या, पण मला लहान समजून नाही. त्यांचाच आवाज ठिकाणावर नव्हता. रक्तदाब फार वर गेला होता. आता उतरतोय. ती शुद्धीवर आहे, पाणी मागितलं, आई कुठे आहे म्हणाली. बाळाचे ठोके चांगले आहेत. बहुतेक उद्याच बाळाला बाहेर काढतील. डॉक्टर म्हणाले, डोकेदुखीचं आणि डोळ्यांचं वेळेवर कळलं नसतं तर आम्ही शोधत बसलो असतो, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

मी ह्यांना सांगितलं. हे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

‘तिने तुम्हाला कधी सांगितलं?’ विहीणबाईंनी विचारलं.

‘काल. माझ्या जेवणाच्या वेळी.’

‘काल त्या वेळी ती माझ्या स्वयंपाकघरात होती. मी सूप ढवळत होते.’

‘हो.’

‘म्हणजे माझ्यासमोर सांगितलं.’

‘हो.’

भांडायची हीच वेळ होती. महिनोन् महिने मी याच घटकेसाठी पेन्सिल झिजवली होती, आणि शब्दही सगळे हाताशी होते, एकूण एक. पण पलीकडे दवाखान्याच्या जिन्यात एक म्हातारी बाई नाक ओढत उभी होती. तिच्या घरात, तिच्या चुलीपाशी बसून माझी पोर ‘दुखतंय’ म्हणाली होती, आणि ते तिला कळलं नव्हतं. माझ्या पोरीची तिनेही काळजीच केली होती हो. मला तिची दया आली. स्पष्ट सांगते, मला तिची फार दया आली.

‘तिने काय म्हटलं होतं?’ विहीणबाई म्हणाल्या. ‘जर्मन नको. तुमच्या भाषेत. ते शब्द मला सांगा. पुन्हा ती म्हणाली तर मला कळलं पाहिजे.’

मी सांगितलं. ‘डोकं दुखतंय.’

‘टोके... टुकटाय.’

‘नाही. पुन्हा.’

‘डोके दुकटय.’

‘पुन्हा!’ मी म्हटलं. माझा लॉन्ड्रीतला आवाज लागला होता. त्या निमूटपणे पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा दुरुस्त केलं. आमचे हे खिडकीपाशी वळून बघत राहिले. ‘दुखतंय’ त्यांच्या जिभेवर बसेना, ‘ख’ सारखा पळून जायचा, पण बाईने सोडलं नाही. एकदा, परत एकदा, मग श्वास घेऊन अजून एकदा. आणि मग एकदम त्यांनी ते बरोबर म्हटलं. ‘डोकं दुखतंय.’ अगदी माझ्या पोरीसारखं. मला रडूच फुटलं, ते काही केल्या थांबेना.

विहीणबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग नाक शिंकरलं.

‘रडायचं नाही,’ त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. ‘उठायचं. तिकीट काढायचं. आत्ता.’